एकेचाळीस ऋचांचा घाट

माघातल्या एका पहाटे मी मुंबईच्या भोईवाड्यातल्या आमच्या घराचा उंबरठा ओलांडला, तेव्हा खांद्यावरच्या झोळीत पळीपंचपात्र, दोन सोवळी, पंचांग आणि एक वही होती. वहीच्या शेवटच्या पानावर दोन विमानतळांमधले अंतर मी स्वतःच्या हाताने गणित करून लिहिले होते. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी मी प्रथमच विमानात बसणार होतो. तेही कोणाच्या आधाराशिवाय. याचा मला थोडा अभिमान वाटत होता, हे प्रारंभीच मान्य करतो.

प्रवासाची कारणे दोन होती. आमच्या शेजारचे राजन परब परळच्या एका इस्पितळात क्ष-किरण विभागात काम करतात. त्यांचे वडील गिरणीत होते आणि त्यांच्या घरचे सत्यनारायण, बारशी, श्राद्धे अशी सगळी कार्ये मी पन्नास वर्षे सांगत आलो आहे. त्यांच्या कोकणातल्या, परुळ्याजवळच्या गावी देवीच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला होता आणि मूर्तीची पुनःप्रतिष्ठा मीच करावी अशी त्यांची इच्छा होती. ते कार्य गुरुवारी संपणार होते.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, कोल्हापूरला माझ्या गुरुबंधूचे, चिंतामणाचे, सहस्रचंद्रदर्शन होते. माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणजे हा विधी करतात. चिंतामण माझ्याहून चार महिन्यांनी धाकटा, तरी मला गजाच म्हणतो. गिरगावातल्या वेदपाठशाळेत आम्ही सात वर्षे समोरासमोर बसलो. मंत्रजागरात वैदिक दोन पंगतींनी बसतात. एका बाजूने अर्धी ऋचा म्हणायची, समोरच्याने उरलेली अर्धी. आमच्या गुरुजींनी आम्हां दोघांची जोडी लावून दिली होती आणि ती पक्की व्हावी म्हणून त्यांची एक रीत होती. म्हणणे चालू असताना ते एकाला तपकीर आणायला गल्लीच्या टोकाच्या दुकानात पाठवीत. जाणाऱ्याने ओठ न हलवता आपला भाग म्हणायचा आणि समोरच्याच्या भागाइतकी वाट पाहायची. बसलेल्याने आपला भाग मोठ्याने म्हणून तेवढेच थांबायचे. परत आलेल्याने पाटावर बसताक्षणी बरोबर जागा पकडली नाही, तर दोघांनाही प्रारंभापासून म्हणावे लागे. त्यामुळे आमच्या लेखी तपकिरीचे दुकान अकरा ऋचा दूर होते, सार्वजनिक नळ चार ऋचा, आणि चौपाटी अध्यायाच्याही पलीकडे.

गेली दोन वर्षे चिंतामणाची स्मृती ओसरत चालली आहे. त्याच्या सूनबाई सुमेधा महिन्यापूर्वी फोनवर म्हणाल्या, "काका, सकाळी बाबा छान असतात. बारा वाजून गेले की घरातल्यांनासुद्धा ओळखत नाहीत. मंत्रजागराला समोरच्या पाटावर तुम्हीच हवेत असा हट्ट धरलाय. दुसऱ्या कोणाला बसवलं तर उठून जाईन म्हणतात. आणि पुढच्या वर्षी तुम्हां दोघांचा तो अध्याय त्यांच्यापाशी राहील की नाही, कोणी सांगावं?"

"साडेदहाला पाट मांडा," मी सांगितले. "मी दहालाच येतो."

इतक्या खात्रीने बोलण्याचे कारण माझ्या मोबाइलवर होते. माझी नात गार्गी हिने तो मला वापरायला शिकवला आहे. त्यात मी परबांच्या गावाजवळचे चिपी आणि कोल्हापूर या दोन विमानतळांची नावे घातली, तर एका पानावर लगेच उत्तर आले. अंतर एकशे नऊ किलोमीटर, विमानप्रवासाचा वेळ सुमारे चाळीस मिनिटे. कोणाचाही शब्द पडताळल्याशिवाय मानू नये, ही आमची शिकवण. मी दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश घेतले, जुनी ज्यासारणी (त्रिकोणगणिताचे तयार कोष्टक) काढली आणि दोन संध्याकाळी बसून गणित केले. माझे उत्तर दोन किलोमीटरने कमी आले, ते माझ्या सारणीच्या स्थूलपणामुळे. म्हणजे पान प्रामाणिक होते. ज्याने अंतर इतके अचूक सांगितले तो वेळही खराच सांगणार, आणि ज्याअर्थी प्रवासाचा वेळ दिला आहे त्याअर्थी विमान आहेच. मला या अनुमानात कोणताही दोष दिसला नाही.

"आजोबा, तिकीट काढून देऊ का?" गार्गीने विचारले.

"आम्ही सूर्यचंद्रांची अंतरे काढतो. चिपी-कोल्हापूर ते काय मोठे!"

"अहो, अंतर नाही, तिकीट! निदान विमान किती वाजता आहे ते तरी बघू द्या."

"चाळीस मिनिटांच्या वाटेला वेळापत्रक कशाला लागते? पनवेलच्या गाड्या सुटतात तशी सुटत असतील. खिडकीवर तिकीट घेईन."

"आजोबा, तो एअरपोर्ट आहे, एसटी स्टँड नाही."

"तुझा अभ्यास झाला का?"

"झालं! बघा हं, नंतर मला बोलायचं नाही," असे म्हणून ती परीक्षेच्या तयारीला निघून गेली.

दादरहून पहाटेच्या गाडीने परब कुटुंबाबरोबर निघालो. रोह्यानंतर बोगदे सुरू झाले तशी परबांची भाषा बदलत गेली. परळमध्ये "गुरुजी, चहा घेणार का?" असे विचारणारे राजन रत्नागिरीच्या पुढे "गुरुजी, चाय घेतास काय?" असे विचारू लागले. मी प्रवासात केळी आणि दूध यांखेरीज काही घेत नाही, हे ठाऊक असूनही विचारणे त्यांना आवश्यक वाटते. कुडाळला उतरलो तेव्हा वाऱ्याला आंब्याच्या मोहोराचा गंध होता.

तीन दिवस गावात फार समाधानात गेले. जलाधिवास, धान्याधिवास, होम, प्रतिष्ठा, सारे यथासांग झाले. देवीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली तेव्हा मंदिरासमोरच्या कातळावर (जांभ्या दगडाच्या सपाट माळावर) उभा असलेला सारा गाव एकदम शांत झाला. परबांच्या वृद्ध आत्याबाई तेवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "आता बघता हा (बघते आहे) आमच्याकडे!" महाप्रसादाला कांदा-लसणाशिवाय केलेले काळ्या वाटाण्याचे सांबारे (रस्सा) आणि आंबोळ्या होत्या. मी तीन आंबोळ्या खाल्ल्या. घरी एक खातो.

शुक्रवारी सूर्योदयाला संध्या आटोपून साडेसातच्या सुमारास चिपीच्या विमानतळाशी पोचलो. राजन परबांना मी दारातूनच परत पाठवले. त्यांच्या घरी पाहुण्यांची पाठवणी राहिली होती. उघडा, लालसर माळ, त्यावर एक नीटस इमारत आणि समुद्राकडून येणारा वारा. स्थळ मोठे प्रसन्न होते. फक्त कोणी माणूस दिसत नव्हते. प्रवेशद्वाराशी एक सुरक्षारक्षक उभे होते.

"नमस्कार. कोल्हापूरच्या विमानाचे तिकीट कोठे मिळेल?"

त्यांनी माझ्या पगडीकडे पाहिले, झोळीकडे पाहिले आणि आदराने विचारले, "गुरुजी, तुमी खंय जातलास?" (कुठे जाणार?)

"कोल्हापूरला. एकशे नऊ किलोमीटर आहे. चाळीस मिनिटे."

"ता खरा असात. पण हयसून (इथून) कोल्हापुराक विमान जाणा नाय."

"आज नाही?"

"आज नाय, काल नाय. कधीच नाय."

मी मोबाइल काढून त्यांना ते पान दाखवले. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचले. एवढ्यात रस्त्याकडेला मोटारीला टेकून उभा असलेला एक चाळिशीचा चालकही जवळ येऊन वाचू लागला. त्याचे नाव मंगेश. तो म्हणाला, "गुरुजी, ह्या गणित आसा. विमान असता तर किती वेळ लागलो असतो, ता सांगल्यानी हा."

रक्षकांनी मनापासून उपाय सुचवला. दुपारी मुंबईचे विमान आहे. मुंबईला जावे आणि तिथून दुसऱ्या विमानाने कोल्हापूर गाठावे. म्हणजे विमानानेच जायचे तर चिपीहून कोल्हापूरची वाट माझ्या भोईवाड्यावरून जात होती! मी क्षणभर कठड्यावर बसलो. पंचांगात मी आयुष्यभर ग्रहांचे मार्ग लिहीत आलो. ज्या मार्गावर पाऊल ठेवायला कोणी जात नाही त्याचेही गणित बिनचूक असू शकते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असावे? तरी ते मला परक्या माणसाकडून कळावे लागले.

सुमेधांना फोन केला. त्या एवढेच म्हणाल्या, "गाडीने? म्हणजे एक तरी वाजेल, काका." बारा वाजल्यानंतरचे त्या बोलल्या नाहीत.

"बसा गाडयेत," मंगेश म्हणाला. "एक म्हणतत, मी पाऊण करतंय."

तो उत्तम चालक होता. कुडाळ मागे पडले, कणकवली गेली, काजूच्या बागा आणि चिरेबंदी घरे मागे सरत राहिली. मंगेशला माझी चूक फार आवडली होती. दर दहा मिनिटांनी तो आरशातून विचारी, "गुरुजी, आता विमान खंय पोचला असता?" मी घड्याळ पाहून सांगे, "राधानगरीवर." पुढच्या वेळी, "उतरले. सामान घेत आहेत." आम्ही दोघेही हसलो. पण मनात मला त्या मांडलेल्या रिकाम्या पाटाखेरीज काही दिसत नव्हते.

घाटाच्या पायथ्याच्या फोंड्याला त्याने चहा घेतला, मी दोन केळी खाल्ली. गाडी सुरू करताना तो म्हणाला, "घाटात रेंज जातली. काय बोलूचा असात ता आत्ताच बोलून घेवा." मी म्हटले, आता बोलण्यासारखे काही नाही.

घाटाची दुसरी-तिसरी वळणे झाली असतील. बरोबर साडेदहाला फोन वाजला.

"काका," सुमेधांचा आवाज घाबरा होता, "बाबांनी सुरू केलं! सगळे सांगतायत थांबा म्हणून, ऐकत नाहीत. म्हणतात, गजा वेळेवर येतो, मी माझं म्हणतो, तो त्याचं म्हणेल. मी फोन तुमच्या पाटावर ठेवते." आणि लगेच त्यांच्या आवाजाच्या मागून, दुरून, चिंतामणाचा आवाज आला. आमच्याच अध्यायाच्या प्रारंभीच्या ऋचेचा पूर्वार्ध. तो थांबला. ती माझी जागा होती.

वाहनात बसून वेद म्हणू नये, असे आम्ही लहानपणापासून पाळत आलो. मी गाडी थांबवायला सांगितली. मंगेश म्हणाला, "थांबवूक जागा नाय, गुरुजी. मागे ट्रक आसा." विचाराला वेळ नव्हता. मी चपला काढल्या, पाय वर घेऊन मांडी घातली आणि उत्तरार्ध म्हटला. पलीकडून लगेच पुढचे आले. आवाज थरथरत होता, पण स्वर जागच्या जागी होते. सहा ऋचा झाल्या, सात झाल्या. मंगेशने भोंगा वाजवणे बंद केले होते. वळणावर तो नुसता दिवा दाखवी.

आणि एका वळणाला पलीकडचा आवाज ऋचेच्या मध्येच तुटला. मी फोन कानाशी घट्ट धरला. काही नाही. रेंज गेली होती.

पाठशाळेत तपकीर आणायला निघताना जागा चुकण्याची जी धास्ती असे, तीच आता होती. फरक एवढाच की तेव्हा चुकलो तर प्रारंभापासून म्हणता येत असे. समोरचा आवाज थांबल्यावर चिंतामणाचे काय होईल? तो गोंधळेल, उठेल, किंवा कोणी दुसरा माझी जागा भरून काढील आणि तो पुन्हा कधीच म्हणणार नाही. यातले काहीही मला कळण्याचा मार्ग नव्हता. मला एकच करता येण्याजोगे होते. त्याचा भाग त्याच्या गतीने मनात म्हटला, आणि माझी जागा येताच माझा भाग मोठ्याने म्हटला. तो पूर्वी जिथे श्वास घेई तिथे मी थांबलो. प्रत्येक पूर्ण ऋचेला उपरण्याच्या दशा (टोकाचे सुटे दोरे) एकेक करून बोटावर घेत गेलो. डाव्या हाताला दरी होती, खाली कोकण निळसर होत गेले होते, आणि मी त्याकडे पाहत असूनही काही पाहत नव्हतो.

माथ्यावर दाजीपूरच्या जंगलाशी रस्ता सपाट झाला. मंगेशने न सांगता गाडी बाजूला घेतली. "इली, गुरुजी. रेंज इली."

मनात म्हणणे न थांबवता मी फोन लावला. पलीकडे उचलला गेला. कोणी बोलले नाही. कोणतेही म्हणणे ऐकू येत नव्हते, केवळ शांतता होती. माझ्या मोजणीने त्या क्षणी जागा माझी होती. मी उत्तरार्ध म्हटला. माझा शेवटचा स्वर संपतो न संपतो तोच पलीकडून चिंतामणाने पुढच्या ऋचेचा प्रारंभ केला. तोच, जो यायला हवा होता!

मी गाडीतून उतरलो, रस्त्याकडेच्या गवतावर शाल अंथरली आणि कोल्हापूरकडे तोंड करून बसलो. उरलेला अध्याय आम्ही सावकाश संपवला. तो संपल्यावर पलीकडे बऱ्याच जणांचे आवाज एकदम उठले आणि सुमेधा रडत असल्याचे ऐकू आले. फोन पुन्हा लागेपर्यंत बोटावर घेतलेल्या दशा मी मोजल्या. एकेचाळीस होत्या.

मंगेशने गाडी पुन्हा सुरू केली. राधानगरीच्या पुढे उसाची शेते लागली, गुऱ्हाळाचा गोड धूर आत आला, तेव्हा त्याने विचारले, "गुरुजी, फोन बंद होतो, तरी तुमी कोणावांगडा (कोणाबरोबर) म्हणत होतास?"

"समोरच्याबरोबर," मी म्हणालो. त्याने मान हलवली. या वेळी विमान कोठे पोचले ते त्याने विचारले नाही.

सव्वा वाजता कोल्हापूरला पोचलो. मंडपात पंगत बसली होती. तिथे जमलेल्या वैदिकांकडून पुढचे कळले. माझा आवाज तुटल्यावर त्यांच्यापैकी एकाने सद्भावनेने माझा भाग म्हणायला सुरुवात केली, तर चिंतामणाने हात वर करून त्याला थांबवले. मग प्रत्येक ऋचेला तो आपला अर्धा भाग म्हणे आणि उरलेल्या अर्ध्या भागाइतका काळ समोरच्या पाटावरच्या बंद फोनकडे पाहत स्वस्थ बसे.

चिंतामण खुर्चीवर बसला होता, गळ्यात हार, मांडीवर जिलबीची वाटी. मला पाहताच त्याच्या भिवया वर गेल्या.

"गजा! विमानाने येणार होतास म्हणे!"

"येणार होतो."

"मग कुठे ठेवलेस ते?" आणि जवळ वाकून, हळू आवाजात, "वाहनात म्हटलेस ना? मला ट्रक ऐकू आला."

"म्हटले."

"चपला काढल्या होत्यास?"

"काढल्या होत्या."

"मग पुरे. जेवून घे. प्रायश्चित्त उद्या कर, आज जिलबी आहे."

मी हातपाय धुऊन त्याच्या शेजारी पानावर बसलो. बाराची वेळ केव्हाच टळून गेली होती. मठ्ठा वाढला जात असताना त्याने माझ्या दंडाला हात लावला आणि अनोळखी माणसाशी बोलावे तशा नम्रतेने विचारले, "माफ करा, गजानन आला का हो? तो यायचा होता."

सुमेधांनी वाढता हात थांबवला. मी म्हणालो, "येतो आहे. घाटात आहे."

"मग हरकत नाही," तो समाधानाने म्हणाला. "तो जागा चुकत नाही."

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताचा जप करून बसने निघालो. गावाबाहेर महामार्गाला लागताच उजव्या हाताला कोल्हापूरचा विमानतळ दिसला. जिथे मी उतरणार होतो ते स्थळ निदान डोळ्यांनी पाहावे म्हणून मी खिडकीची काच सरकवली. दोन क्षणांत ते मागे गेले. संध्याकाळी दादरला उतरलो, तेथून भोईवाड्यापर्यंत टॅक्सी केली.

गार्गीने दार उघडले. माझा चेहरा पाहून तिला सगळे कळले असावे, कारण ती "काय आजोबा, विंडो सीट मिळाली का?" एवढेच बोलली आणि पाणी आणायला गेली.

मी झोळीतून वही काढली. अंतराचे माझे गणित पुन्हा तपासले. त्यात चूक नाही, ते मी तसेच ठेवले आहे. त्याखालच्या ओळीत मोबाइलवरचा चाळीस मिनिटांचा आकडा उतरवून घेतला होता, तो खोडला. गार्गी खांद्यावरून वाकून पाहत होती.

"मग खरा वेळ किती, आजोबा?"

गाडीला साडेपाच तास लागले होते, आणि ते खरे असले तरी त्या ओळीत लिहावेसे वाटले नाही. आम्ही दोघे जेवढा काळ एकमेकांना ऐकू येत नव्हतो आणि तरी बरोबर चालत होतो, तेवढाच त्या अंतराचा काळ. मी लिहिले: चिपी ते कोल्हापूर, एकेचाळीस ऋचा.